मागच्या रांगेवाल्यांनो, जरा गप्प बसा

मी माईक बोलतोय. आजवर माझ्यातून पुढारी बोलले, नवरदेवाचे मामा बोलले, आभार मानणारे तर थांबता थांबले नाहीत. मला काय म्हणायचंय हे कोणी विचारलं नाही. आज मी विचारण्याची वाट बघत नाही, कारण माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट जुन्या नाशकात, सलीमभाईंच्या साऊंड सर्व्हिसच्या दुकानात. त्यांनी मला मऊ फडक्याने पुसलं आणि दुसऱ्याच दिवशी एका हळदीला पाठवलं. तिथे पहिल्याच माणसाने माझ्या टाळक्यात टिचक्या मारल्या, फू फू केलं आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणाला. तेव्हापासून तेच चाललंय. माणूस कितीही शिकलेला असो, मला हातात घेतलं की फुंकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी काय चूल आहे?

मला नीट धरतो तो एकटा अल्तमश, सलीमभाईंचा भाचा. अंबडला एका कंपनीत मशीनवर आहे आणि सुट्टीच्या दिवशी मामूंच्या कार्यक्रमांना मिक्सरवर बसतो. लोकांना हसवायचं त्याला भारी वेड. रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका कॅफेत पोरंपोरी विनोद सांगायला जमतात, तिथे तो मला घेऊन जातो. त्याच्या सुपरवायझरची नक्कल तिथे तुफान चालते. इतकी चालते, की तो दुसरं काही करतच नाही.

खरं तर आपल्या अम्मीवर, जहिदाबींवर, त्याने फार छान रचलंय. घरात एकट्या असल्या तरी त्या व्हॉइस मेसेज कुजबुजत पाठवतात, शेजारणीने ऐकू नये म्हणून. आणि मेसेज काय, तर येताना कोथिंबीर आण. दुकानात मला समोर ठेवून तो हे म्हणतो, तेव्हा मला हसू आवरत नाही. पण कॅफेत दोन वाक्यं झाली आणि कोणी हसलं नाही, की याचा तळवा घामाने भिजतो आणि गडी गपकन सुपरवायझरवर येतो. मी आतल्या आत चरफडतो.

अल्तमशचा लहानपणापासूनचा हिरो म्हणजे गोटीराम खैरनार. ऑर्केस्ट्रात गायिका पाणी प्यायला गेली, की गोटीराम पुढे यायचे आणि एसटीच्या कंडक्टरची नक्कल करायचे. अल्तमश मामूंच्या मांडीवर बसून ती बघायचा आणि हसून हसून लोळायचा. गेल्या महिन्यात सिन्नरला एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला आमचं साऊंड होतं आणि गोटीराम पाहुणे कलाकार होते. अल्तमशने कंपनीत रजा टाकली. त्याला एकच विचारायचं होतं, एका नकलेत अडकलेल्या माणसाने पुढे काय करायचं?

गोटीराम बरेच आधी आले, एसटीनेच. आता म्हातारे झालेत, गुडघ्याने लंगडतात. अल्तमशने चहा आणला, त्यांचाच कंडक्टर त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला आणि मग चाचरत प्रश्न विचारला.

“माझं बघून शिक,” गोटीराम म्हणाले. “कंडक्टर चालला, म्हणून मी तोच चालवला. नवीन काही काढलं की मंडळवाले म्हणायचे, ते पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा कंडक्टर. लोकांचा लय जीव हाय माझ्यावर, पण माझं दुसरं काहीच त्यांना ठावं नाय.”

मग हळूच म्हणाले, की आज ते नवीन करणार आहेत. अल्तमश एकदम खुलला.

गोटीरामांनी मला हातात घेतलं. फुंकलं नाही, टिचकी मारली नाही. सांगू लागले, गुडघा दाखवायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, आधी कंडक्टर करून दाखवा. मी म्हटलं, जन्मभर उभ्याने कंडक्टर केला म्हणून तर गुडघा गेला. लोक थोडे हसले. मग आवाज खाली आणून ते बायकोवर आले. भागीबाई लग्न झाल्यापासून त्यांच्या एकाही विनोदावर हसलेली नाही, असं ते सांगू लागले आणि सभागृह गप्प झालं.

शांतता मला कळते, माझा तो धंदाच आहे. माणसं कंटाळली की खुर्च्या करकरतात, कोणी खोकतं, कोणी मोबाइल काढतं. त्या दिवशी यातलं काही नव्हतं. लोक कान देऊन ऐकत होते. अल्तमशला मात्र वाटलं, आपला हिरो पडतोय. त्याचा जीव कासावीस झाला आणि तो मिक्सरवरून ओरडला, “सर, कंडक्टर होऊ द्या!”

झालं. सगळं सभागृह कंडक्टर, कंडक्टर करू लागलं. गोटीरामांनी एकदा मिक्सरकडे पाहिलं आणि कंडक्टर सुरू केला. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. कर्कश शिट्टी देऊन सगळ्यांचे कान फोडावेत असं मला वाटलं, पण अल्तमश आवाज इतका बेताचा ठेवतो, की तेही जमेना.

आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा गोटीराम आले. “तुला वाटलं, मी पडतोय.”

“डर गया मैं, सर,” अल्तमश मान खाली घालून म्हणाला. “कोणीच हसत नव्हतं.”

“त्याच जागी मी बी जन्मभर घाबरलो. आज पहिल्यांदा घाबरलो नव्हतो, बाबा.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत, एसटी गाठायला निघून गेले.

पुढे त्याने त्यांना फोन केले, भागीबाईंचं राहिलेलं कॅफेत येऊन सांगा म्हणून गळ घातली. ते नाहीच म्हणत होते. शेवटी तयार झाले, पण एका अटीवर. आधी अल्तमशने अम्मीचं शेवटपर्यंत करायचं, सुपरवायझरला हात लावायचा नाही. ते जमलं तरच ते उठणार.

तो रविवार आज आहे. गोटीराम कोपऱ्यात गुडघा चोळत बसलेत. अल्तमशने मला धरलंय आणि त्याचा तळवा ओला आहे. अम्मीची दोन वाक्यं झाली, कोणी हसलेलं नाही. तुम्ही सगळे ऐकताय हे मला कळतंय, त्याला अजून कळलेलं नाही. आणि मागच्या रांगेतले तुम्ही, हो, तुम्हीच, ‘सुपरवायझर’ म्हणायला तोंड उघडलंय तुम्ही. प्रेमापोटी उघडलंय, ठाऊक आहे मला. मिटा ते. पोराला तिसरं वाक्य म्हणू द्या.