बिनतक्रारीचा चिमटा

माझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत, अशी आमच्या सासरी सर्वमान्य समजूत आहे. मिरजेच्या आमच्या गल्लीत लोक त्यांच्या तोंडाला वचकून असतात. कुणाच्या लग्नातला मसालेभात खारट झाला, तर यजमानांना ते आधी जयमालाकाकूंकडून कळतं आणि मग जिभेला. मलाही लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, की माझ्या पोळ्या पचतील, पण बघवणार नाहीत. राग आला होता, पण पोळ्या तशाच होत्या, त्यामुळे बोलता येईना.

म्हणून २०१३च्या मार्चमध्ये त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नागोयाला आल्या आणि लेकाच्या चिमट्याविषयी एक अवाक्षर वाईट बोलल्या नाहीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

चिमट्याचं आधी सांगते. जपानात घरोघरी बाल्कनीत एक चौकोनी हँगर टांगलेला असतो आणि त्याला दोन डझन चिमटे लोंबत असतात. मोजे, रुमाल, बनियन, सगळं त्यावर वाळतं. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर वीज जपून वापरायची सवय लागली, ड्रायरचं बटण दाबताना लोकांना चोरी केल्यासारखं वाटायला लागलं, आणि असे हँगर बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना बरे दिवस आले. त्यातल्याच एका चाळीस माणसांच्या कंपनीत माझा नवरा सारंग डिझाइनचं काम करतो. सहा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या चिमट्यांची ड्रॉइंग्ज साफसूफ केली. हा पहिला चिमटा त्याचा स्वतःचा. स्प्रिंग पूर्णपणे प्लॅस्टिकच्या पोटात, म्हणजे गंजाचा डाग कपड्याला लागायचा नाही. तोंडाला मऊ रबराचे ओठ, म्हणजे वळ उठायचा नाही. या चिमट्याबद्दल तो जेवताना बोलायचा, ट्रेनमध्ये बोलायचा, आणि एकदा माझ्या वाढदिवसाच्या केकसमोरही बोलला. त्या वर्षभरात नवऱ्याच्या तोंडून मी 'ओठ' हा शब्द शेकडो वेळा ऐकला, आणि त्यात एकदाही ते माझे नव्हते.

साचा करायला टाकण्याआधी कंपनी वीस घरांत नव्या चिमट्यांचे वीस हँगर वापरायला देते. दर आठवड्याला एक फॉर्म भरून पाठवायचा. विसावं घर ऐन वेळी गळलं, तेव्हा सारंगचे साहेब हिबिनो-सान म्हणाले, "सबनीस-सान, तुमच्या आई येतायत ना, त्यांनाच द्या. परदेशी हात ही वस्तू कशी वापरतो तेही कळेल." मी जपानी भाषांतराचीच कामं करते, त्यामुळे फॉर्मचं भाषांतर आपसूक माझ्या गळ्यात पडलं. भाषांतर करण्यासारखं त्यात फारसं नसायचं म्हणा. ओळीने पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर आईंची खूण. खाली तक्रारीच्या रकान्यात 'काही नाही. उत्तम आहे.' चौथ्या आठवड्यात त्यांनी एक जास्तीची ओळ लिहिली: 'चि. सारंग याने फार मेहनत घेतली आहे.' मी तीही इमानेइतबारे जपानीत केली. आपला तो बाब्या, असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

दहाव्या आठवड्यात सारंग ऑफिसातून आला तो बूट काढता काढताच बोलायला लागला.

"शनिवारी हिबिनो-सान घरी येतायत. सोमवारी साच्यावर सही व्हायचीय, त्याआधी त्यांना आपला हँगर बघायचाय."

"आपलाच का?" मी विचारलं.

"बाकीच्या एकोणीस घरांतून बावन्न तक्रारी आल्यात. चिमटा वाजतो, रंग उदास आहे, मांजर त्याच्याशी खेळतं. आपल्याकडून शून्य. ते म्हणतात, तीस वर्षांच्या नोकरीत शून्य तक्रारींचं घर त्यांनी बघितलं नाही."

"म्हणजे कौतुकच आहे की," आई म्हणाल्या. पण त्यांनी वाटीतली आमटी उगाचच ढवळली.

सोमवारी सही झाली नाही तर काय, हे सारंग बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. पहिला चिमटा मिळायला सहा वर्षं लागली होती, दुसऱ्याला किती लागतील याचा हिशोब मलाही येत होता.

शनिवारी सकाळी साहेबांसाठी चिवडा करावा म्हणून मी शेंगदाणे शोधत होते. सिंकखालच्या कपाटात पार मागे आईंनी मिरजेहून आणलेला लाडवांचा डबा दिसला. लाडू तर पहिल्या पंधरवड्यातच संपले होते. उघडून बघते तर आत मोडके चिमटे. मोजले, एकोणीस भरले.

"आई, हे काय आहे?"

"हळू बोल. तो अंघोळीला गेलाय."

"हे मोडले कधी?"

"मोडतात आपले एकेक करून."

"मग बाल्कनीत काय लटकतंय?"

"शंभर येनच्या दुकानात मिळतात, दहाचं पाकीट. पांढरेच असतात. त्याचे उरलेले पाच मी पुढच्या रांगेत लावलेत. रविवारी तो बाल्कनीत आला की तेवढेच बघतो. मागे मी कपडे दाट घालते."

या बाईंना जपानी भाषेतला 'धन्यवाद' सोडून एक शब्द येत नव्हता, आणि त्यांनी एकटीने दुकानात जाऊन पुरावा बदलला होता.

"पण हे मोडके ठेवलेत कशाला?"

"टाकू कसे? तूच शिकवलंस ना, प्लॅस्टिक वेगळं, लोखंड वेगळं. आणि त्याने ती स्प्रिंग अशी पोटात घातलीय, की मेली निघता निघत नाही. पहिल्यांदा तसेच टाकले, तर कचरेवाल्यांनी पिशवीवर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच ठेवली. मग मीच गुपचूप वर घेऊन आले." त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावलं. "तू काही बोलायचं नाहीस. शपथ आहे."

"कुणाची?"

"सारंगची."

मला राग आला, आणि नेमका कुणावर काढावा ते कळेना. गप्प बसावं, तर ठिसूळ चिमटा गावभर जाणार आणि सारंगचं नाव खराब होणार. बोलावं, तर त्याचा सोमवार जाणार आणि त्या म्हातारीला मी साहेबांसमोर तोंडघशी पाडणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी चिवडा परतत उभी.

हिबिनो-सान अकराच्या ठोक्याला आले. साठीचा, ठेंगणा, शांत माणूस. त्यांनी चिवडा दोनदा मागून घेतला, हे मला आवडलं. मग त्यांनी हात रुमालाला पुसले आणि मला म्हणाले, "मातोश्रींना विचारा, दहा आठवड्यांत एकही चिमटा मोडला नाही?"

मी विचारलं. आईंनी सारंगकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"एकही नाही," आई म्हणाल्या.

मी ते जपानीत सांगितलं. बोललेलं पोचवायचं, त्याची शहानिशा करायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे, असं स्वतःला बजावलं. पण नऊ वर्षांत इतकं जड वाक्य मी दुसरं पोचवलेलं नाही.

हिबिनो-सान म्हणाले, "मग सोमवारी सही करतो. पहिली खेप चाळीस हजार हँगरांची." सारंगने डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला.

"काय म्हणतायत?" आईंनी विचारलं. मी सांगितलं.

"चाळीस हजार घरं?"

"हो."

"आणि प्रत्येक घरात चोवीस?"

"हो, आई."

त्यांनी कप खाली ठेवला. "यांना विचार, इथल्या बायका वस्तू मोडली की काय म्हणतात?"

मी विचारलं. हिबिनो-साननी प्रश्नाचा नीट विचार केला. "काही म्हणत नाहीत. फार तर कंपनीला पत्र लिहितात."

आईंना हे अजिबात पटलं नाही. "मनात तर म्हणतील. कुठल्या मेल्याने केलंय हे, असं म्हणतील, आणि मग त्याच्या आईचा उद्धार करतील. चाळीस हजार बायका, तन्वी. दर पावसाला." एवढं बोलून त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि डबा आणून त्यांनी टेबलावर उपडा केला.

हे शेवटचं भाषांतर करायची वेळच आली नाही. चिमटे टेबलभर पसरले, एक हिबिनो-सानच्या चिवड्यात पडला. सारंगने एक उचलला, दुसरा उचलला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भर वर्गात प्रगतिपुस्तक मोठ्याने वाचून दाखवलेल्या मुलासारखा तो बसला होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

हिबिनो-साननी मात्र खिशातून चष्मा काढला आणि चिमटे एका ओळीत लावायला घेतले. एकोणीसच्या एकोणीस एकाच जागी मोडले होते, स्प्रिंग बसते त्या कानाशी. "कसे मोडले?" त्यांनी विचारलं.

"चला, दाखवते," आई म्हणाल्या, आणि मी जपानीत आणण्याआधीच त्या बाल्कनीत पोचल्या. पुढच्या रांगेत सारंगचा बनियन वाळत होता. त्यांनी चिमट्याला हात लावला नाही. बनियनचं खालचं टोक धरलं आणि एक हिसका मारला. बनियन हातात आला, आणि अस्सल पाचातल्या एका चिमट्याचा अर्धा भाग कुंडीत जाऊन पडला.

"उघडत कोण बसतं एकेक?" त्या म्हणाल्या. "ओढला की येतो. मिरजेत सगळ्या अशाच काढतात."

हिबिनो-सान पुढे झाले. त्यांनी टॉवेल धरला आणि हिसका मारला. मग मोजा. मग दुसरा मोजा. साठीचा तो माणूस आमच्या बाल्कनीत हसत हसत आमचे कपडे ओढत होता, आणि समोरच्या इमारतीतली बाई हातातलं काम थांबवून बघत होती.

"आमच्याकडेही असंच ओढतात," ते शेवटी म्हणाले. "पाऊस आला की माझी बायकोही ओढते. पण फॉर्मवर कोण लिहिणार? लाज वाटते. एकोणीस घरांपैकी एकानेही लिहिलं नाही." मग ते सारंगकडे वळले आणि त्यांचा आवाज कामाचा झाला. "सोमवारी सही होणार नाही. सहा महिने देतो. हिसका मारला तरी कपडा सुटेल आणि चिमटा मोडणार नाही, असा करा." सारंग कमरेत वाकला. ते वाकणं मला फार लांबलेलं वाटलं.

जाताना त्यांनी मोडके चिमटे ऑफिसात न्यायची परवानगी मागितली. "न्या म्हणावं," आई म्हणाल्या. "डबा तेवढा परत पाठवा."

दार लागलं. मी कपबशा उगाच मोठ्याने गोळा केल्या.

"दहा आठवडे, आई," सारंग म्हणाला. "एकदा सांगायचंस. तू जगाला सांगतेस. मलाच नाही सांगितलंस."

आई खुर्चीच्या कडेला बसल्या. "बाबांनी पोळपाट केला होता, आठवतो तुला? चार पायांचा. डुगडुगायचा. मी म्हटलं, पोळपाटाला तीन पाय असतात ते उगाच नाही. खरंच होतं ते. मग स्टूल केलं, त्यालाही म्हटलं. मग देव्हारा केला, त्याचं दार लागत नव्हतं, तेही सांगितलं. सगळं खरं होतं, सारंग. एक दिवस त्यांनी करवत माळ्यावर टाकली. ती ते गेल्यावर मीच खाली काढली. इथे आले आणि तू मला तो चिमटा हातात दिलास. अगदी त्यांच्यासारखा उभा होतास. म्हटलं, आयुष्यात एकदा खोटं बोलून बघावं."

मला रडू आलं. सिंककडे तोंड केलं होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

सारंग उठला आणि कुंडीत पडलेला चिमट्याचा तुकडा घेऊन आला. मग म्हणाला, "मी करवत टाकणार नाही, आई. मोडलं की सांगत जा."

"बघ हं."

"सांग."

"मग ऐक. तुझा रंग उदासच आहे. ज्या कुणी फॉर्मवर तसं लिहिलंय ते बरोबर आहे."

"रंग मी निवडला नाही, तो कंपनीने—"

"आणि हाताला गुळगुळीत लागतो. ओल्या हाताने निसटतो."

"ओल्या हाताची टेस्ट केलीय मी. सहाशे वेळा."

"साबणाच्या हाताने केलीस का?"

नव्हती केली. तिथून जे दोघांचं जुंपलं, ते पानं घेतली तरी थांबेना. दहा आठवडे या घरात मायलेक एकमेकांशी पाहुण्यांसारखे गोड बोलत होते, आणि मला वाटत होतं, दोघांनाही वय झाल्याने समंजसपणा आलाय. कुकरच्या शिट्टीच्याही वर त्यांचे आवाज चढत गेले, तसं मला हलकं हलकं वाटत गेलं.

जूनमध्ये आई मिरजेला परत गेल्या. सप्टेंबरात सारंगने सहा नवे चिमटे पाकिटात घालून त्यांना पाठवले. ऑफिसात तशाच चिमट्यांना मशीनने वीस हजार हिसके देऊन झाले होते आणि एकही मोडला नव्हता. त्यामुळे तो थोडा ऐटीत होता.

पाकीट पोचल्यावर दहा दिवसांनी, रविवारी सकाळी फोन आला. सारंगने तो स्पीकरवर टाकला. कसा आहेस नाही, जेवलास का नाही.

"सारंग, दोन मोडले," आई म्हणाल्या.

"कुठे? कानाशीच?"

"कान शाबूत आहेत. मागची दाबायची शेपटी गेली. पायाखाली आला तर टिकत नाही तुझा चिमटा."

त्याने समोरचं वर्तमानपत्र ओढलं आणि कोऱ्या कडेवर शेपटीचं चित्र काढायला घेतलं. चेहरा असा उजळला होता, की त्याला कुणी बक्षीस जाहीर केलंय असं वाटावं.

"बोल," तो म्हणाला. "अजून काय?"