सहाशे वेळा फेकलेला पितळी फासा

मित्रांनो, मला जरा जपून उचला. पायावर पडलो तर अंगठा सुजेल. मी एक जुना पितळी फासा आहे. प्लॅस्टिकचे फासे डझनाने येतात आणि डझनाने हरवतात. मी मात्र एकटाच बनलो आणि अजून हरवलेलो नाही. हल्ली विमलाअक्का नावाच्या शिक्षिकेच्या खडूच्या डब्यात पडून असतो, अंगावर पांढरी धूळ बसते, मुलं कॉम्प्युटरचं बटण दाबून आकडे काढतात. तरी माझा ताठा काही कमी झालेला नाही. तो का, ते सांगतो.

माझा जन्म १९९३ साली बंगळुरात झाला, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात. दत्ता बोकील तिथे टूलरूममध्ये कारागीर होते. मालकांना विचारून त्यांनी एक उरलेला पितळी तुकडा घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत मला घडवलं. सगळ्या बाजू पंचवीस मिलिमीटरच्या, केसाइतकाही फरक नाही. मग ठिपक्यांसाठी त्यांनी एकवीस भोकं पाडली, सगळी एकाच ड्रिलने, एकाच खोलीची. "सगळी भोकं सारखी, काम चोख!" असं ते स्वतःशीच म्हणाले. ते ऐकून मी असा काही फुगलो की विचारू नका.

जयनगरच्या घरी मी त्यांच्या मुलीच्या, भार्गवीच्या हाती आलो. ती सातवीत होती आणि शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी तिने संभाव्यता हा विषय घेतला होता. शेजारच्या विमलाअक्का निवृत्त गणित शिक्षिका. त्या रविवारी मुलांना आपल्या ओसरीवर शिकवत. फाशाच्या सहा बाजू सारख्याच शक्यतेच्या असतील तर कुठलाही एक आकडा पडण्याची संभाव्यता एक षष्ठांश, हे त्यांनी समजावलं, आणि मी डौलाने चटईवर बसून ऐकलं.

वर्गातला शंतनु मात्र मला फेकताना म्हणायचा, "पाच वेळा सहा आला नाही, आता येणारच!" मला हसू यायचं. अरे, मागच्या फेकीला काय पडलं ते मला कुठे आठवतं? माझ्यासाठी प्रत्येक फेक नवी असते.

एकदा सापशिडी खेळताना भार्गवीला लागोपाठ तीन सहा पडले. शंतनु उसळला. "तुझ्या अप्पांनी मुद्दाम सहाचा फासा करून दिलाय. खोटा आहे तो!"

भार्गवीचा चेहरा लाल झाला. "माझ्या अप्पांच्या हातचं काम खोटं नसतं!"

"स्वल्प दम धरा," विमलाअक्का म्हणाल्या. "तीन फेकींवरून काही ठरत नाही. सहाशे वेळा फेका. फासा खरा असेल तर प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास येईल. भार्गवी, तोच तक्ता तू प्रदर्शनात लाव. सरी? ठीक ना?"

"सरी, अक्का. येईल तो तक्ता लावीन," भार्गवी म्हणाली. तिला खात्री होती आणि मला तर तिच्याहून जास्त होती. आता दत्तांचं नाव माझ्या सहा बाजूंवर अवलंबून होतं.

पुढच्या रविवारी सकाळी भार्गवीच्या घरी चाचणी सुरू झाली. शंतनु मला स्टीलच्या पेल्यात खुळखुळवून फेकायचा, भार्गवी पाच-पाच रेघांचे जुडगे करून नोंद करायची. चारशेव्या फेकीपासून तिची पेन्सिल मंदावली. शेवटी बेरीज झाली. एक आला एकाहत्तर वेळा, दोन अठ्ठ्याऐंशी, तीन सत्त्याण्णव, चार एकशे तीन, पाच एकशे तेरा, आणि सहा तब्बल एकशे अठ्ठावीस!

शंतनु पाणी प्यायला आत गेला. भार्गवीने खोडरबर उचललं. वीस-पंचवीस रेघा इकडच्या तिकडे केल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? मित्रांनो, खरं सांगतो, तिने खोडावं असं मला वाटलं. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. तिने मात्र खोडरबर खाली ठेवलं आणि भाजी घेऊन येणाऱ्या अप्पांपुढे तक्ता धरला.

"अप्पा, फासा चुकतोय."

"शक्यच नाही. मी स्वतः मापलाय."

त्यांनी मायक्रोमीटर काढला आणि मला तिन्ही बाजूंनी मापलं. माप अगदी चोख होतं. मग ते पुष्कळ वेळ तक्त्याकडे बघत राहिले. "एकापासून सहापर्यंत आकडे चढत गेलेत," ते पुटपुटले, आणि माझ्या भोकांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"चूक माझी आहे, भार्गवी. सहाच्या बाजूने सहा भोकांचं पितळ गेलं, एकाच्या बाजूने एकाच भोकाचं. एकाची बाजू जड राहिली. ती खाली बसते आणि समोरचा सहा वर येतो. मी भोकं सारखी करत बसलो आणि बाजू सारख्या राहिल्या नाहीत."

"काका, थोडाच तर फरक आहे," शंतनु ओशाळून म्हणाला.

"थोडाच म्हणून आम्ही माल सोडत नाही रे."

सोमवारी मी पुन्हा पीण्याच्या कारखान्यात गेलो. तिथे नापास मालावर लाल ठिपका देतात आणि करणाऱ्याने काय चुकलं ते आपल्या नावासह चिठ्ठीवर लिहायचं असतं. दत्तांनी अकरा वर्षांत अशी चिठ्ठी लिहिली नव्हती. खाजगी कामाला ती लिहायची गरजही नव्हती, तरी त्यांनी लिहिली. लाल ठिपका लागला तेव्हा मला वाटलं, आता भंगाराच्या पेटीत जाणार. पण त्यांनी मला पुन्हा मशीनवर बांधलं. सहाची भोकं तशीच ठेवून बाकीच्या बाजूंची भोकं रुंद केली, म्हणजे प्रत्येक बाजूतून सारखंच पितळ गेलं. एकाचं भोक तर एवढं मोठं झालं की त्यात करंगळी जाईल.

पुन्हा सहाशे फेकी झाल्या. एक एकशे चार, दोन त्र्याण्णव, तीन एकशे आठ, चार सत्त्याण्णव, पाच पंचाण्णव, सहा एकशे तीन.

"पण शंभर-शंभर कुठे आलेत?" शंतनुने विचारलं.

"प्रत्येक आकडा नेमका शंभर आला असता तर मीच संशय घेतला असता," विमलाअक्का हसल्या. "पुढचा आकडा कुठला, हे कुणीच सांगू शकत नाही. पण पुष्कळ फेकी झाल्या की प्रत्येकाचा वाटा एक षष्ठांशाच्या जवळ येतो."

प्रदर्शनाच्या सकाळी भार्गवीने फक्त दुसरा तक्ता गुंडाळून घेतला. अप्पांनी विचारलं, "पहिला कुठे आहे?"

"तो नको, अप्पा. लोक तुम्हाला हसतील."

"हसू देत. तू शब्द दिला होतास. आणि पहिला नसेल तर दुसरा कशासाठी केला, ते लोकांना कसं कळणार?" त्यांनी पहिला तक्ता काढला, त्याखाली आपली चिठ्ठी टाचली आणि तिच्या हातात दिला.

शाळेच्या सभागृहात परीक्षक आले. चष्मा सावरून त्यांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हे द. रा. बोकील कोण?"

भार्गवीने वळून पाहिलं. मागे दत्ता हात बांधून उभे होते. मग तिने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझे अप्पा. चूक त्यांची होती, आणि ती शोधलीही त्यांनीच."

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. पण घरी जाताना दत्तांनी मला खिशात ठेवलं नाही, बसमध्ये सगळा वेळ उघड्या तळहातावर धरलं. मित्रांनो, तुम्हीही मला लपवून ठेवू नका. फेका, मोजा, आणि पडेल तेच लिहा. मला तेवढाच मान पुरतो.