नऊ वाजताची खूण

दुपारचे अडीच वाजले होते आणि वहीत रात्री नऊपर्यंतच्या खुणा झालेल्या होत्या.

ठकीच्या आईनं खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. पाच महिन्यांच्या रजेनंतर आज तिचा कामावरचा पहिला दिवस, तोही अर्धा, आणि तेवढ्यात हा प्रताप! ठकीला गिळता येत नव्हतं. नाकातून पोटात गेलेल्या नळीतून तिला दर तीन तासांनी दूध द्यायचं, आणि प्रत्येक वेळी आधी दोन गोष्टी बघायच्या. नाकपुडीपाशी नळीवरचा आकडा एकोणीसच आहे ना, आणि सिरिंजनं पोटातलं थेंबभर पाणी ओढून तपासणीच्या कागदावर टाकलं की पोटातल्या आम्लानं कागद केशरी होतो ना. नाही झाला तर दुधाचा थेंबही द्यायचा नाही, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दहादा बजावलं होतं. नळी सरकली असेल तर दूध फुप्फुसात जातं. म्हणून तर ती वही ठेवलेली.

"अरे, हे काय आहे?"

नवरा दुपट्यांच्या घड्या घालत बसला होता. "काय?"

"नऊ वाजता कागद केशरी झाला म्हणे. आज रात्रीचे नऊ!"

"अगं, सकाळीच करून टाकल्या खुणा. दर वेळी पेन कुठे शोधत बसायचं?" तो चक्क हसला. "आम्ही कामावर महिन्याचं कार्ड एकदम भरतो. काही बिघडत नाही."

तो लिफ्टची देखभाल करायचा. त्यांच्या इमारतीची लिफ्टही त्याच्याकडेच होती.

"बाराला बघितलंस?"

"दूध दिलं की. छान गेलं. जरा खोकली, पण..."

"कागद बघितलास का, ते विचारतेय!"

"सकाळी बरोबर होता ना! तीन तासांत नळीला काय पाय फुटतात?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिनं आधी हात धुतले, कारण हात धुवायचे असतात म्हणजे असतात, आणि ठकीवर वाकली. गालावरची चिकटपट्टी लाळेनं सुटली होती. नाकपुडीपाशी आकडा होता पंधरा. सिरिंजमध्ये जेमतेम थेंब आला, आणि कागद होता तसाच राहिला. ठकी पुन्हा खोकली. छातीत बारीक घरघर ऐकू येत होती.

"पंधरा! हे बघ, डोळे उघडून बघ! जमत नव्हतं तर सांगायचंस, खड्ड्यात गेली असती माझी नोकरी. पण खोटं लिहिलंस? स्वतःच्या पोरीच्या वहीत?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलो गं."

"चुकला नाहीस! चुकायला निदान बघावं तरी लागतं. तू बघितलंच नाहीस!"

नर्सबाई फोनवर म्हणाल्या, काही देऊ नका, लगेच घेऊन या, डॉक्टरांना छाती तपासू द्या. तिनं नळी आहे तशीच धरून नवी पट्टी लावली, वही पिशवीत कोंबली आणि ठकीला छातीशी धरून बाहेर पडली. तो पुढे पळत जाऊन लिफ्टचं बटण दाबत होता. लिफ्ट आली, दार उघडलं. आत आरशाशेजारी तपासणीचं कार्ड लावलेलं होतं, रोज दिसायचं आणि रोज कुणी वाचायचं नाही. चार सोमवारांचे चार रकाने. महिन्याचा दुसराच आठवडा चालू होता आणि चारही रकान्यांत त्याची सही होती.

ती उंबऱ्यावरच थांबली.

"अगं, चल ना! सहा मजले उतरणार का पोरीला घेऊन?"

"या सोमवारी तपासलीस?"

त्यानं बटणावरचं बोट काढलं.

ती जिन्याकडे वळलीसुद्धा होती. एक हात ठकीच्या पाठीखाली, दुसऱ्या हाताचं बोट गालावरच्या पट्टीवर. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला मागून त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आला. तोही जिन्यानंच येत होता.