शंकू आणि पितळी डबा

"ती ओळ काढ, वीणा," राजीव सर म्हणाले. "पैसे गुंतवणारे पाहुणे तीनला येतायत."

"सर, रिपोर्टखाली नाव माझं आहे. ओळ काढायची तर माझं नावही काढा."

ओळ एवढीशी होती: शंकू उतरवून ठेवला तरी काटा तेवढाच हलतो.

आता हा शंकू म्हणजे काय प्रकरण, तर तपेल्याएवढं, एका टोकाला निमुळतं, तांब्याचं एक बंद भांडं. आत मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या, आणि मागे काहीही न फेकता ते म्हणे पुढे सरकणार; ती ढकल मोजायला त्याला काट्यावर, म्हणजे एका नाजूक तराजूवर, बसवायचं. इंधनाशिवाय अंतराळयान! जगभरच्या शास्त्रज्ञांनी यावरून एकमेकांची उणीदुणी काढली होती. इंग्लंडमधल्या लीड्सच्या त्या लहानशा कंपनीत राजीव सरांनी त्यापायी अकरा वर्षं घातली. वीणाला नागपूरहून मोजमापाच्या कामावर त्यांनीच आणलं. तिचा व्हिसा याच नोकरीवर होता. नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, आणि लेकीची, अक्षयाची जीसीएसई, म्हणजे तिथली दहावी, तीन महिन्यांवर आलेली. पण बाई हट्टाला पेटली होती.

"अगं, काटा हलतोय ना? हजारदा बघितलंय आपण!"

"हलतोय. पण शंकूमुळे नाही, केबलमुळे. तिच्यातला करंट आणि पृथ्वीचं चुंबकत्व, त्यांची ढकलाढकली आहे ती."

"त्यांना एवढं कुठे कळणार आहे?"

इथे मात्र वीणाचं डोकं सटकलं.

तीनला चार पाहुणे आले. काटा हलला, टाळ्या पडल्या.

"वन मोर रीडिंग, प्लीज," वीणा म्हणाली, आणि सर हां हां म्हणेपर्यंत तिने शंकू उतरवलासुद्धा. पिशवीतून आपला जेवणाचा पितळी डबा काढला. तिच्या आईचा तो, झाकणावर 'सौ. मधुमती' असं नाव घातलेला. आज त्यात पोळीभाजी नव्हती. सकाळीच तिने नटबोल्ट भरून त्याचं वजन शंकूइतकं केलं होतं, शंकूइतकाच करंट खेचायला आत हीटरची कॉइल बसवली होती. तीच केबल जोडून तिने तेवढाच करंट सोडला.

काटा हलला. केसभरही कमी नाही.

"मग हा लंचबॉक्सही मंगळावर जाणार का?" पाहुण्यांतल्या एका बाईने विचारलं.

वीणाने सरांकडे बघितलं. माणूस लबाड नव्हता हो. अकरा वर्षांनी कुणालाही हातातलं सोडवत नाही.

पाहुणे गेल्यावर सर एवढंच म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस."

तिने कंपनीचा पास काढून टेबलावर ठेवला, कोट चढवला.

"तुझा डबा," सर तिच्याकडे न बघताच म्हणाले.

"राहू दे काट्यावरच. परत कुणी शंकू बघायला आलं, की आधी डब्याने काटा हलवून दाखवा."

"आईचा ना गं तो? हरवेल इथे."

"नाव घातलंय त्यावर," वीणा म्हणाली.

मग रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, त्या ओळीच्या खाली, तिने पूर्ण नाव लिहून सही केली. रिकामी पिशवी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली आणि ती बसस्टॉपकडे निघाली.