न आटणारं पाणी

यज्ञेश्वर सरांनी नोकरीभर पोरांना बाष्पीभवन शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याच हॉलमधल्या टाकीतलं पाणी काही केल्या आटेना.

टाकी खाऱ्या पाण्याची. आत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन समुद्री मासे. आधी तीन होते. सर आणि त्यांच्या पत्नी भैरवीताई एका लग्नाला गारगोटीला जाऊन राहिले, तेवढ्यात पाणी आटलं, मीठ होतं तेवढंच राहिलं, आणि त्या जहाल खारट पाण्यात एक मासा गेला. सरांनी ते फार मनाला लावून घेतलं. आता मुलगी अवनी बंगळूरला बाळंत व्हायची होती, दोघांनी जायचं ठरलं होतं. म्हणून सरांनी घरच्या घरी यंत्र बनवलं. पाण्यावर एक तरंगता गोळा. पाणी जरा उतरलं की गोळा उतरणार, छोटा पंप सुरू होणार आणि कॅनमधलं फिल्टरचं गोडं पाणी टाकीत पडणार.

पण पंप सुरूच होईना. गोळा हाताने दाबला की घुर्र करायचा, सोडला की गप्प. सरांनी गोळा बदलला, पंप चालवणारा प्रोग्रॅम नव्याने लिहिला, काचेवर पाण्याच्या पातळीला पेनाने रेघ मारली. सकाळी चहा घेऊन बघावं तर पाणी रेघेला चिकटून. शेवटी उद्यमनगरात पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरून देणारा त्यांचा जुना विद्यार्थी बाळासो येऊन सगळं खोलून बघून गेला.

"सर, पंप बी बरा हाय, वायरी बी बऱ्या हायत. तुमचं पाणीच आटंना झालंय, त्याला मी काय करू?"

सरांचं डोकं पार भंजाळलं. वरच्या गच्चीतून ओल झिरपून टाकीत येते की काय, असाही संशय त्यांनी घेतला. गच्चीची दुरुस्ती चालली होती, वरून सिमेंट पडतं म्हणून बाल्कनीतल्या कुंड्या तुळशीसकट खाली पार्किंगमध्ये गेल्या होत्या, तेव्हा काहीही शक्य होतं. पण छत कोरडं ठणठणीत.

भैरवीताईंनी विचारलं, मासे जास्त की लेक? सर म्हणाले, तू पुढे हो, पंप एकदा आपणहून चालताना बघतो आणि निघतोच. ताई बॅग उचलून गेल्या. जाताना देवांची आंघोळ चुकवू नका, एवढंच बजावलं.

त्या गेल्या आणि दोनच दिवसांत पंप घुर्रकन सुरू झाला. पाणी पडलं, गोळा वर आला, पंप थांबला. दुसऱ्या कुणी आनंदाने बॅग भरली असती. सर आणखीच गोंधळले. आपण काहीच बदललं नाही, मग चाललं कसं? कारण कळल्याशिवाय यंत्रावर घर सोपवायचं म्हणजे काय? ते आणखी एक दिवस थांबले, मग आणखी एक. पंप शहाण्यासारखा चालत राहिला आणि सर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

तिथेच ताईंचा फोन आला. मुलगी झाली होती, सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी, आणि दोघी सुखरूप होत्या.

"देवांना आंघोळ घालता ना?" ताईंनी विचारलं.

"घालतो की, रोज."

"आणि ते पाणी?"

"बेसिनमध्ये ओततो."

"अहो, देवाचं पाणी मोरीत? तुळस खाली गेल्यापासून मी तांब्याभर टाकीत घालते. फिल्टरचंच असतं. पायदळी तरी जात नाही."

सरांनी काचेवरच्या रेघेकडे पाहिलं. इतके दिवस यंत्राचं काम ही बाई देवपूजेच्या ओघात करत होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता. नात जन्मली तेव्हा आपण एका पंपासमोर बसलो होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"मी आजच निघतो," ते म्हणाले.

"आता या सावकाश," ताई म्हणाल्या. "व्हायचं ते होऊन गेलं."

फोन ठेवला तेव्हा पंप चालू होता.