दुपारची गोळी

बाबांनी हत्यारांची पिशवी देऊन टाकल्याचं मला दारातच शिडीकडून कळलं. शिडी म्हणजे त्यांचा जुना जोडीदार, दुसरा वायरमन. उंचीमुळे पडलेलं नाव. पिशवी त्याच्याच खांद्यावर होती.

"परत आणलीय," तो म्हणाला. "आधी वाटलं थट्टा करतायत. पण म्हणाले, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. मेन बंद केला की नाही तेच आठवलं नाही, तर कुणाचा तरी जीव जाईल."

बाबांचं डोकं? कुणाच्या घरी कुठला बोर्ड कोणत्या साली बसवला, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस. लाइन बंद आहे असं शिडीने शपथेवर सांगितलं तरी टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात न लावणारा. माझा विश्वासच बसेना. मी तरातरा आतल्या खोलीत गेले.

ते खिडकीशी बसले होते, मांडीवर फोन ठेवून.

"बाबा, काय चाललंय तुमचं?"

"नऊ दिवस झाले," ते म्हणाले. "दुपारी जेवून गोळी घ्यायला जातो, तर खूण आधीच झालेली असते. मला वाटतं घेतली नाही. इथे दिसतं, घेतली. मग परत घेत नाही."

"इथे" म्हणजे माझी यादी. दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी बसवली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की दुपारची रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकता कामा नये. चुकली तर नळी बंद पडू शकते. एकोणीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं टाइप करून कंटाळलेली मी तेव्हाच प्रोग्रॅमिंगसाठी जावास्क्रिप्टची एक लायब्ररी शिकत होते. पहिलं वेब ॲप केलं ते बाबांच्या गोळ्यांचं. सकाळची पित्ताची गोळी, दुपारची ही. घेतली की चौकटीवर बोट ठेवायचं, हिरवी खूण येते. दहा दिवसांपूर्वी त्यात एक सुधारणाही केली: सकाळची वेळ टळली की ती ओळ निघून जाते, म्हणजे बाबांचा गोंधळ नको. ऑफिसात मी हे इतक्या जणांना दाखवलं की शेवटी लोक मला बघून जिना बदलायला लागले.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून?"

मी कॉम्प्युटर उघडला. आधी ॲप तपासताना मी दर वेळी पान नव्याने उघडायचे आणि नव्या पानावर सगळ्या खुणा पुसलेल्या असायच्या. बाबा मात्र सकाळी एकदा उघडून दिवसभर तेच पान ठेवायचे. मी तसंच केलं. सकाळच्या गोळीवर खूण केली, कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे सरकवलं. सकाळची ओळ गेली. दुपारची ओळ वर आली, हिरवी खूण घेऊनच. मी तिला हातही लावला नव्हता.

चूक कुठे आहे ते लगेच कळलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. प्रोग्रॅममध्ये यादीतल्या प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख द्यावी लागते. मी दिली नव्हती, म्हणून लाल इशारा येत होता. तो जावा म्हणून मी प्रत्येक ओळीला नुसता क्रमांक देऊन टाकला: पहिली, दुसरी. इशारा गप्प झाला, मीही खूश. आता पहिली गेली की दुसरीच पहिली होत होती आणि पहिलीची खूण तिला चिकटत होती.

मी गोळ्यांचं पाकीट काढून मोजलं. नऊ जास्त.

"मीही मोजल्या होत्या," बाबा म्हणाले. "वाटलं, दुसऱ्या कुठल्या पाकिटातली घेतोय आणि तेही विसरतोय."

"बाबा, तुम्ही काहीच विसरला नव्हतात. हे बघा."

मी दाखवलं. त्यांनी परत दाखवायला सांगितलं. मग परत. चौथ्या वेळी त्यांनी स्वतः बोट ठेवलं आणि खालची ओळ खूण घेऊन वर येताना चष्मा काढून पाहिली.

"म्हणजे मी घेतलीच नव्हती."

"नव्हती."

"आणि मला तसंच आठवत होतं."

ते हसायला लागले. मला मात्र हसू फुटेना, कारण नऊ दिवस ती गोळी त्यांच्या पोटात गेली नव्हती. मी त्यांना तसंच चपला घालायला लावून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त घेतलं. दीड तास बाहेरच्या बाकावर मी स्वतःला शिव्या घालत होते आणि बाबा शेजारच्या भिंतीतलं लोंबकळणारं बटण न्याहाळत होते.

"नळी बंद पडल्याची काही खूण नाही," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "नशीब म्हणायचं. पण सलग नऊ दिवस गोळी चुकते कशी?"

मी तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले.

"विसरलो," ते म्हणाले. "वय झालं आता."

टेबलाखाली त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि फाइलमध्ये लिहायला घेतलं: विस्मरणाची तक्रार. मी हात सोडवून घेतला आणि त्या कागदावर ठेवला.

"ते खोडा," मी म्हणाले. "त्यांना सगळं आठवत होतं. खोटं मी सांगत होते, रोज दुपारी."