दुसऱ्या खोक्यातली बाटली

मी एक बाटली. करंगळीच्या दोन पेरांएवढी, वर रबराचं बूच, त्यावर पत्र्याची टोपी. उजेडात धरलंत तर म्हणाल, अरे, ही तर रिकामीच! सगळे असंच म्हणतात आणि फसतात. तळाशी काचेला पांढरट काहीतरी चिकटलेलं असतं, तीच माझी सगळी दौलत. आणि ते विष आहे. लपवाछपवी कशाला? नासलेल्या डबाबंद अन्नात वाढणाऱ्या जंतूचं विष, फक्त कणभर. मीठपाण्यात मिसळून स्नायूत टोचलं की तो स्नायू तीन-चार महिने गप्प पडतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या बायकांचे फक्त डोळे दिसायचे, बाकी सगळं पांढऱ्या कपड्यात. कुणी मला उघड्या हाताने शिवलंसुद्धा नाही. मग बर्फात बसून प्रवास, आणि थेट एका दातांच्या दवाखान्यात. दातवाल्याकडे माझं काय काम, असं मलाही वाटलं होतं. पण झोपेत दात खाणारी माणसं काय कमी आहेत? त्यांच्या जबड्यात मी. हसताना हिरड्या दिसतात म्हणून झुरणारे निघाले, त्यांच्या वरच्या ओठात मी. कपाळावरच्या आठ्या घेऊनही काही जण यायचे. दाढ दुखत नसताना आपण होऊन त्या खुर्चीत बसणारी माणसं मी तिथेच पाहिली.

इथे दोघंच. डॉक्टर, आणि त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काम करणाऱ्या ताई. जबड्यासाठी मला कमी पाण्यात दाट करायचं, ओठासाठी भरपूर पाण्यात पातळ. ओल्या काचेवर पेन उठत नाही, म्हणून 'दाट' की 'पातळ' ते आमच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहायची इथली रीत. कागदावर स्पष्ट छापलंय की एकदा पाणी घातलं की चोवीस तासांत संपवा. पण उरलेलं टाकवत नाही ना! आम्ही पंधरा-पंधरा दिवस फ्रिजच्या दारात उभ्या.

त्या आठवड्यात मी दाट होते आणि माझी जुळी बहीण पातळ. शनिवारी वीज गेली, बर्फ वितळला, खोकी भिजली. ताईंनी आम्हाला बाहेर काढलं, फ्रिज पुसला, खोकी पंख्याखाली वाळवली आणि आम्हाला परत आत ठेवलं. मला बहिणीच्या खोक्यात, बहिणीला माझ्या. झालं. एवढीशीच चूक.

सोमवारी पोस्टात खिडकीवर बसणाऱ्या एक बाई दाढेत सिमेंट भरून घ्यायला आल्या. बोलता बोलता हसल्या आणि चटकन तोंडावर हात नेला.

"हात का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिरड्या दिसतात. लहानपणापासूनची खोड आहे. आई सारखी ओरडते, हात काढ, मला कसं कळणार तू काय बोलतेस? ठार बहिरी आहे ती. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणजे लिहून दाखवायचीही सोय नाही. माझ्या ओठांवरून तिला सगळं समजतं. इतरांचं नाही, फक्त माझं."

"मग तो हातच सोडवू या की! दोन टोचण्या. उरलंय थोडं, तुम्हाला स्वस्तात करतो."

बाई घुटमळल्या. "बोलण्यात काही फरक नाही ना पडणार? महिन्याभरात आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. मी समजावल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही."

"छे हो! मुंगी चावली की झालं."

डॉक्टरांनी खोक्यावरचं 'पातळ' वाचलं आणि सुई माझ्या बुचात घातली. अहो, थांबा, ती मी नव्हेच! पण काचेला कुठलं तोंड?

दहा दिवसांनी बाई परत आल्या. वरचा ओठ दातांवर सपाट पडलेला, ओल्या फडक्यासारखा. प, ब, म म्हणताना ओठाला ओठ टेकेना. चहा हनुवटीवरून ओघळतो म्हणाल्या. डॉक्टरांनी मला फ्रिजमधून काढलं. पातळ बाटली अर्धी भरलेली असायला हवी होती आणि माझं पाणी तर तळाला टेकलेलं. त्यांचा चेहरा उतरला. आतल्या खोलीत त्यांनी ताईंना फक्त विचारलं, "शनिवारी फ्रिज पुसलात?" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "गप्प राहा. मी बघतो."

आणि काय बघितलं? बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "प्रत्येकाच्या अंगाला वेगळं मानवतं."

"डॉक्टर, आईचं ऑपरेशन पुढे ढकलू का? तिथले सर्जन म्हणालेत, दोन-तीन महिने थांबलं तरी चालेल. किती दिवस लागतील मला?"

तीन महिने तरी. ते त्यांना ठाऊक होतं, ताईंना ठाऊक होतं.

"ढकलता कशाला? आठवड्याभरात ओठ मोकळा होईल," डॉक्टर म्हणाले. ताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "ताई, कापूस आणा," डॉक्टर म्हणाले. आणि ताई कापूस आणायला गेल्या.

त्या दिवशी ताईंनी मला फेकलं नाही, आपल्या एप्रनच्या खिशात टाकलं. का, ते त्यांनाच माहीत. मी खिशातच होते तेव्हा महिन्याभराने बाई पुन्हा आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. ओठ तसाच होता. एकेक शब्द सावकाश काढत त्या बोलल्या.

"ऑपरेशनच्या सकाळी ढकलगाडी घेऊन माणसं आली. आई विचारायला लागली, कुठे नेतायत मला? मी सांगत होते, ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिला काही म्हणता काही कळत नव्हतं. शेवटी मी बोटाने छातीवर रेघ ओढून दाखवली. ती इतकी घाबरली, डॉक्टर! पलंगाची दांडी सोडेना. दोघांनी तिची बोटं सोडवली, तेव्हा तिने माझे हात धरले. अगदी दारापर्यंत ओरडत होती, हात काढ ना तोंडावरचा, काय बोलतेस ते दिसत नाही मला!"

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझे दोन्ही हात तिच्या हातात होते."

आई ऑपरेशनमधून परत आली नाही.

"फार वाईट झालं. वय होतं ना त्यांचं," डॉक्टर म्हणाले. खिशात ताईंची बोटं माझ्याभोवती आवळली. आत्ता बोलतील, मला वाटलं. आत्ता मला बाहेर काढून टेबलावर ठेवतील. बाई जिना उतरून गेल्या. खालचं दार वाजलं. मग बोटं सैल झाली.

आज मी वापरलेल्या सुयांच्या डब्यात आहे. उद्या गाडी येईल, आम्हाला भट्टीत घालतील. जाऊ दे, विषाचा शेवट तसाच व्हावा. जाता जाता एकच सांगते. मी ज्यांना गप्प केलं, ते तीन-चार महिन्यांनी बोलते होतात. डॉक्टर, ताई, तुम्हाला तर कुणी टोचलं नव्हतं.